घराला घराबाहेरचं माणूस लागतं



 मुदखेडच्या या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी फोनवर विषय विचारला. मी म्हटलं, 'कुटुंबाचं मानसिक आरोग्य'. पलीकडे जरा शांतता पसरली. मग आवाज आला, "सर, विषय चांगलाय, पण लोक येतील का? नाही म्हणजे, उद्या गावात म्हणतील, हा तिथं कशाला गेला होता?" तुम्ही आलात. तेव्हा 'हा तिथं कशाला गेला होता' या भीतीवर निम्मा हॉल तरी मात करून बसलाय, असं धरून मी सुरुवात करतो.

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर समाजकार्य शिकवलं, त्यामुळे औषधगोळ्यांबद्दल मी बोलणार नाही. आणि 'टेन्शन घेऊ नका, सकारात्मक राहा' हे सांगायलाही आलेलो नाही. ते सांगणारे मोबाइलवर रोज सकाळी भेटतात, सूर्योदयाच्या चित्रासकट. ज्याचं सोयाबीन पाण्यात गेलं त्याला सूर्योदयाचं चित्र पाठवून काय होणार?

मला एकच गोष्ट सांगायची आहे. घरातल्या एका माणसाचं मन आजारी पडतं तेव्हा अख्खं घर आजारी पडतं, आणि त्या घराला बरं व्हायला घराबाहेरचं माणूस लागतं. डॉक्टर लागतोच, त्याबद्दल वाद नाही. पण डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतो. बाकीचे एकोणतीस दिवस कुणाचे?

आपल्या गावापासूनच बघू. मुदखेड म्हणजे जंक्शन. मनमाड-सिकंदराबादची लाइन इथून जाते आणि आदिलाबादचा फाटा इथेच फुटतो. इथली फुलं नांदेडच्या, हैदराबादच्या बाजारात जातात. शेजारी अर्धापूरकडे केळी, हळद. केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे, म्हणजे देशभरातली पोरं आईबापांपासून लांब इथे येऊन घाम गाळतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, हे हालतं-चालतं गाव, इथे मनाचा आजार कशाला येतोय? पण फुलशेती म्हणजे काय हो? लग्नसराई आणि देवळं यांच्यावर पोट. 2020 साली टाळेबंदी लागली, लग्नं थांबली, देवळांना कुलपं लागली, आणि फूल काही घरात साठवून ठेवता येत नाही. त्या उन्हाळ्यात फुलवाल्यांच्या घरात रात्री काय बोलणी होत असतील? त्यानंतर 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस असा कोसळला की शेतं वाहून गेली. पंचनामे झाले. जमीन किती खरडली, जनावरं किती गेली, भिंती किती पडल्या, सगळ्याला रकाना होता. झोप किती जणांची गेली, याला रकाना नव्हता.

आणि आपल्याकडे माणूस 'मला उदास वाटतं' असं म्हणत येतच नाही. तो म्हणतो, "लई अंग दुखायलंय." बाई म्हणते, "छातीत धडधड व्हायलीय, हातापायाला मुंग्या यायल्यात, झोप लागंना." मग आपण तिला दवाखान्यात नेतो आणि डॉक्टरांना म्हणतो, एक सलाईन लावा, ताकदीची सुई द्या. सलाईन लागतं, दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रक्त तपासलं, नॉर्मल. छातीचा कार्डिओग्राम काढला, नॉर्मल. मग घरातलंच कुणीतरी म्हणतं, "हिला काही झालं नाही, नाटकं करायलीय." आणि दुसरं कुणीतरी हळूच म्हणतं, "बाहेरचं असंल."

तिथून एक फेरा सुरू होतो. आधी गल्लीतला जाणकार, मग पलीकडच्या गावचा भगत, मग बुलढाणा जिल्ह्यातलं सैलानी, मग गाणगापूर. एक कोंबडं, एक बकरं, जीपचं भाडं, राहण्याचा खर्च. दोन-तीन वर्षं जातात, कानातलं मोडतं, क्वचित एकर-दोन एकर जातं, आणि शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून पेशंट नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात पोचतो. मुदखेडहून नांदेड वीस-पंचवीस किलोमीटर. तेवढं अंतर कापायला काही घरांना तीन वर्षं लागतात.

मी देवस्थानांची टिंगल करणार नाही. तिथे जाणारा माणूस मूर्ख नसतो. तिथे त्याला कुणीतरी विचारतं, 'काय झालं?' आणि मुख्य म्हणजे घरच्यांना तिथे लाज वाटत नाही, कारण आजूबाजूला सगळे तसलेच बसलेले असतात. आपल्या दवाखान्यांनी हे शिकायला हवं. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांना सोबत घेऊन तिथेच मनोविकारतज्ज्ञ बसवण्याचा प्रयोग झाला, 'दवा आणि दुवा' दोन्ही. दोरा बांधा आणि गोळीही घ्या. मला हा मार्ग पटतो. पण जिथे माणसाला साखळीनं बांधतात, मारतात, उपाशी ठेवतात, तिथे माझा आदर संपतो. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एर्वाडी इथे अशाच एका आश्रयस्थानाला पहाटे आग लागली. साखळदंडात असलेली 28 माणसं पळू शकली नाहीत. तिथे त्यांना सोडून जाणारे त्यांचेच नातलग होते. ते दुष्ट होते का? मला वाटत नाही. ते थकलेले होते.

हा थकवा, हेच आजच्या व्याख्यानाचं खरं प्रकरण आहे. आजाऱ्याबद्दल आपण थोडंफार तरी बोलतो. त्याला सांभाळणाऱ्याबद्दल कोण बोलतं? सांभाळणारी बहुतेक वेळा बाईच असते. आई, बायको, बहीण, कधी सून. ती रात्री जागी असते, कारण तो उठून बाहेर जाईल ही धास्ती. ती लग्नाला, बारशाला जात नाही, कारण त्याला ठेवायचं कुणाकडे? ती कुणाला सांगत नाही, कारण धाकट्या मुलीची सोयरीक व्हायची असते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा 2004 चा सिनेमा काहींनी पाहिला असेल. स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण. लोक अतुल कुलकर्णींच्या कामाची आठवण काढतात, ते रास्तच आहे. मी तो सिनेमा दाखवतो तेव्हा विद्यार्थ्यांना सांगतो, तिच्याकडे बघा. सोनाली कुलकर्णींनी केलेल्या त्या बहिणीकडे बघा.

आणि सोयरिकीचं निघालंच आहे तर एक कडू बोलून टाकतो. 'लग्न करून द्या, ताळ्यावर येईल.' किती घरांत हा उपाय झालाय? लग्न हे औषध नाही. परक्याची लेक आणून तिच्या गळ्यात न सांगता आजार बांधायचा, आणि पुढे तिनं माहेर गाठलं की 'तिच्या पायगुणानं झालं' म्हणायचं. हे पाप आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही.

आता दुसरा मुद्दा. सरकार काय करतं? करतं, आणि कागदावर बरंच करतं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 पासून आहे, जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम 1996 पासून. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर उत्तम आहे. 29 मे 2018 पासून तो लागू आहे आणि उपचार हा त्यानं नागरिकाचा हक्क केला आहे. पण महाराष्ट्राची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं कुठे आहेत बघा. ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आपल्या भागात काय? (सभागृहातून : "काहीच नाही!") बरोबर. देशात लाख माणसांमागे पुरता एक मनोविकारतज्ज्ञ येत नाही, आणि जे आहेत त्यांतले बहुतेक शहरांत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली. वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचं प्रमाण 70 ते 92 टक्के निघालं. दहातले सात, कधी नऊ, घरातच. त्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपलं चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

मग सगळ्या तालुक्यांना तज्ज्ञ मिळेपर्यंत थांबायचं? तुमची नातवंडं म्हातारी होतील.

इथे मला तुम्हाला लातूर जिल्ह्यात न्यायचं आहे, 1993 सालात. तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्यांना 30 सप्टेंबरची ती पहाट आठवत असेल. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. दहा हजारांच्या घरात माणसं गेली, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून. दगड-मातीची जाड भिंतींची घरं, माळवदाची, वर मातीचा भार. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवलं, त्यांनीच माणसं गाडली. पुढे कित्येक वर्षं तिथली माणसं पक्क्या छताखाली झोपायला घाबरत. नवं घर सामानाला, आणि माणसं बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये. इंजिनीअर सांगायचे, घर भूकंपाला टिकणारं आहे. पण भीतीला इंजिनीअरचं सर्टिफिकेट कळतं का?

जवळपास 52 गावं नव्या जागी उठवली गेली. जमिनीच्या हिशेबानं घरं ठरली : कुणाला 250 चौरस फूट, कुणाला 450, कुणाला 750. रुंद रस्ते, सरळ रेषा, शहरासारखा आराखडा. नकाशावर गाव देखणं दिसत होतं. पण जुन्या गावात भिंतीला भिंत होती. अंगणात बसलेली बाई हाक मारायची आणि तीन घरांतून उत्तर यायचं. नव्या गावात हाकेच्या अंतरावरचं माणूसच लांब गेलं. ज्या बाईनं एका रात्रीत लेकरू आणि नवरा गमावले, तिला आता शेजारीणही नव्हती. घरांची भरपाई झाली. गल्लीची भरपाई कोण करणार होतं?

पण त्याच भूकंपानं दुसरंही काही दाखवलं. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं पुण्याला नेऊन शिकवली. आणि माझ्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाचं, गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं हे काम उभं केलं, सरकारनं त्याला मान्यता दिली, आणि बाराशेहून अधिक गावांत अशा बाया घरोघर जाऊ लागल्या. त्यांचं अधिकृत काम घरदुरुस्तीचं : अनुदान किती, सिमेंट कधी येणार, भिंतीचे कोपरे कसे बांधायचे, इंजिनीअरला काय विचारायचं. समुपदेशन हा शब्द त्यांच्या कामाच्या यादीत नव्हता. पण मला सांगा, उंबऱ्यात बसून सिमेंटच्या गोण्यांबद्दल बोलणाऱ्या बाईशी घरातली बाई फक्त सिमेंटबद्दलच बोलत असेल? चुलीपुढं बसून आधी गोण्यांचा हिशेब व्हायचा, मग डोळ्याला पदर लागायचा. हा माझा तर्क आहे, अहवालातलं वाक्य नव्हे. पण गावातल्या बायकांना ओळखणारा कुणीही तो मान्य करील. ज्या बाया कधी ग्रामपंचायतीची पायरी चढल्या नव्हत्या, त्या तहसीलदाराशी बोलू लागल्या. त्यांच्याही मनाचं काहीतरी सावरलं असणारच. दुसऱ्याच्या घरचं ऐकणाऱ्याचं स्वतःचंही घर थोडं हलकं होतं.

म्हणजे मराठवाड्याला हे नवीन नाही. आपण केलेलं आहे. फक्त भूकंपानंतर केलं, आणि पुढे विसरलो.

इतरांनी काय केलं? विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेला भाग. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, त्यांनी घरी जाऊन बोलायचं, ऐकायचं, गरज पडली तर डॉक्टरकडे न्यायचं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण कुणाची तरी मदत घेत होते. दीड वर्षानं ती संख्या सत्ताविसावर गेली. सहापट! मोठं हॉस्पिटल बांधलं नाही, यंत्र आणलं नाही. नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' नावाचा प्रयोग 41 गावांत झाला, मागे पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातलं मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र. तिथे गावातली माणसं दोन प्रकारची निवडली : काहींनी नुसतं लक्ष ठेवायचं, कोण गप्प झालंय, कोण पारावर यायचं थांबलंय, आणि काहींनी चार ते सहा बैठका घेऊन त्या माणसाशी बोलायचं, शिवाय सरकारी योजनेचा अर्जही भरून द्यायचा. हे शेवटचं मला फार आवडलं. पेन्शन अडकलेल्या म्हातारीला नुसता धीर देऊन काय उपयोग? तिचा अर्ज भरा, निम्मं दुखणं तिथंच जातं.

आणि आफ्रिकेतलं झिम्बाब्वे. देशात मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. तिथल्या डिक्सन चिबांडा नावाच्या डॉक्टरनं 2006 मध्ये काय करावं? 14 आज्यांना शिकवलं. दवाखान्याबाहेर झाडाखाली लाकडी बाक टाकला आणि आजीला तिथे बसवलं. येईल त्यानं आजीजवळ बसायचं आणि बोलायचं. पुढे रीतसर चाचणी झाली, 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले : आजीजवळ बसलेले लोक नेहमीच्या उपचारांवरच्या लोकांपेक्षा अधिक सुधारले. आता सांगा, मुदखेड तालुक्यात आज्यांचा तुटवडा आहे का? बाकांचा असेल. नगरपालिकेचे पदाधिकारी बसलेत, ऐकताहेत.

राज्यातही याच धर्तीचा सरकारी कार्यक्रम आहे. 2015-16 पासून विदर्भ-मराठवाड्याच्या 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला, शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी. आशाताईंनी घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे, ज्याला त्रास आहे तो ओळखायचा, पुढे पाठवायचं. कल्पना शंभर टक्के योग्य. पण आशाताईच्या पिशवीत काय काय आहे? गरोदर बाई तिची, लसीकरण तिचं, क्षयरोगाची गोळी तिची, सर्वेक्षण तिचं, मोबाइलमधला फॉर्म तिचा. मानधनासाठी त्यांना 2023 आणि 2024 मध्ये संप करावे लागले. अशा बाईनं दारात उभं राहून 'गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला निराश वाटलं का?' विचारलं, तर घरातला गडी काय म्हणणार? "काही नाही, बरंय सगळं." फॉर्म भरला. घर पुढचं. दोष तिचा नाही. ऐकायला बसावं लागतं, आणि तिला बसायला वेळ आपण ठेवलेलाच नाही. तिला या कामाचे वेगळे पैसे आणि वेगळा वेळ द्या, मग कार्यक्रमाचं मूल्यमापन करा.

मित्रहो, आता जरा जड बोलायचं आहे. ज्या घरातल्या माणसानं स्वतःला संपवलं, त्या घराबद्दल.

शेतकऱ्याच्या घरात असं काही घडलं की चौकशी येते. 2005-06 च्या शासन निर्णयांपासून चालत आलेली पद्धत. कर्ज कुणाचं, जमीन कुणाच्या नावावर, वसुलीचा तगादा होता का. मग प्रकरण 'पात्र' ठरतं नाहीतर 'अपात्र'. पात्र ठरलं तर एक लाख रुपये : 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. पुढारी येतात, फोटो निघतात. चौदाव्या दिवसापासून? सातबारा सासऱ्याच्या नावावर, कर्ज मात्र नवऱ्याचं म्हणून मागे राहिलेल्या बायकोच्या दाराशी. महिला किसान अधिकार मंचानं 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या 11 जिल्ह्यांतल्या अशा 505 महिलांशी बोलून पाहणी केली. त्यांतल्या 40 टक्के जणींच्या नावावर नवरा कसत होता ती जमीन अजून झालेली नव्हती. या बाईला तुम्ही प्राणायाम शिकवणार? तिचं मानसिक आरोग्य तलाठ्याच्या दप्तरात अडकलेलं आहे.

तिची मुलं शाळेत जातात. वर्गातली पोरं काय बोलतात, कल्पना आहे? मास्तरांनो, बाईंनो, तुमच्यासाठी हे विशेष सांगतो. त्या मुलाला दया नको असते. त्याला कवायतीत, नाटकात, भांडणात इतरांसारखंच घ्या, आणि आठवड्यातून एकदा कुणाचं लक्ष नसताना विचारा, "आई जेवली का रे काल?"

आणि जो वाचला त्याचं काय? जुन्या कायद्यात आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. म्हणून घरं लपवायची. चुकून झालं, पाय घसरला, असं सांगायची. 2017 च्या कायद्यानं हे बदललं. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदाच गृहीत धरतो, त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी. 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुनं कलम उरलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. हे गावागावांत ओरडून सांगायला हवं. डॉक्टरला खरं सांगा. लपवू नका. लपवलेल्या घरात दुसऱ्यांदा घडण्याची भीती जास्त.

जाता जाता आणखी एक. फवारणीचं औषध घरात ठेवू नका. श्रीलंकेनं 1995 पासून टप्प्याटप्प्यानं अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि पुढच्या दोन दशकांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरलं. मन बदललं नव्हतं, दारिद्र्य गेलं नव्हतं. तो एक वाईट तास टळला, आणि तास टळला की माणूस बहुधा राहतो. बंदी घालणं सरकारचं काम. शेतातल्या आखाड्यावर कुलूपबंद पेटी करणं, तिची किल्ली दुसऱ्याकडे देणं, हे आपल्या हातात आहे. नुसत्या पेटीनं सगळं भागत नाही, पण तेवढं तरी करा.

दारूबद्दल स्वतंत्र व्याख्यान लागेल, म्हणून थोडक्यात. पुण्यात 1986 साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं. व्यसनी माणसावर उपचार करता करता त्यांना कळलं की त्याची बायको त्याच्याइतकीच, कधी त्याच्याहून जास्त, खचलेली असते. म्हणून तिथे बायकांचा वेगळा गट बसू लागला, 'सहचरी'. नवरा पीत असो की सुटलेला असो, तिनं यायचं आणि तिच्याचसारख्या दहाजणींत बसायचं. यात कुठे इमारत लागते? एक सतरंजी लागते आणि 'इथलं बाहेर जाणार नाही' एवढा शब्द लागतो. हा शब्द पाळणं मात्र गावात सगळ्यात अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. तो पाळला गेला नाही तर गट पहिल्याच महिन्यात बंद पडेल.

तर मुदखेडात काय करता येईल? बचत गटांच्या ताई इथे दिसताहेत. तुमच्या बैठकीत कर्जाचा हप्ता झाला की दहा मिनिटं जास्त बसा. हप्ता थकलेल्या बाईला दंड लावण्याआधी तिच्या घरी जाऊन या. भजनी मंडळाच्या, गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एवढंच बघावं : नेहमी येणारा कोण यायचं थांबला? त्याच्या घरी जा. उपदेश करू नका, नुसतं बसा. सांभाळणाऱ्या बाईला आठवड्यातली एक दुपार मोकळी द्या. शेजारणीनं पेशंटजवळ बसायचं, तिनं बाजाराला जावं, माहेरी जावं, नुसतं झोपावं. तिला सगळ्यात जास्त झोपेची गरज असते.

बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून माणसं मुदखेडला येतातच. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकानं बसावं, म्हणजे माणसाला 'बाजाराला चाललो' म्हणून घरातून निघता येईल. औषधाचा साठा इथेच मिळावा. गोळीसाठी दर महिन्याला नांदेडची मजुरी बुडवावी लागली की तिसऱ्या महिन्यात गोळी बंद होते आणि आजार उलटतो. दीर्घ मानसिक आजार 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बसतो; त्याचं प्रमाणपत्र काढा, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरा. वकील मंडळींनी, पत्रकारांनी त्यात हात लावावा. पथक आणि औषधं इथे यावीत यासाठी तालुक्यातल्या सगळ्या पक्षांनी मिळून एक निवेदन द्यायला काय हरकत आहे? रेल्वेच्या थांब्यासाठी देता तसंच.

आणि एक नंबर लिहून घ्या. 14416. टेली-मानस. 10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची ही सेवा सुरू आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीतसुद्धा. पेशंटनंच फोन करावा असं नाही. सांभाळणारी आई, बायको, भाऊ कुणीही करू शकतो. घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

व्याख्यान संपल्यावर चार आशाताई आणि दोन निवृत्त शिक्षिका दाराजवळच्या टेबलाशी थांबणार आहेत. आपल्या गल्लीतल्या एका घरी दर आठवड्याला जाऊन बसायची ज्यांची तयारी असेल, त्यांनी नाव आणि गल्ली लिहून द्या. कुणाच्या घरी जाणार ते लिहू नका, ते तुमच्याजवळच राहू द्या. आणि ज्यांना स्वतःच्या घरी कुणी यावं असं वाटतं, त्यांनी कागदावर काही न लिहिता ताईंच्या कानात सांगितलं तरी चालेल.